चाल लावणारा गवई: मास्टर कृष्णराव आणि ‘वंदे मातरम्’ची बँडधून



आपल्या मराठीत ‘चाल’ हा एक अजब शब्द आहे. माणूस चालतो ती त्याची चाल. गवई पदाला सूर देतो, तेव्हा तो पदाला चाल लावतो. आणि फौज शत्रूवर धावून जाते, तेव्हा ती चाल करून जाते. पाय, सूर आणि फौज या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात ठेवल्या. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांनी या तिन्ही अर्थांची एकाच धुनेत गाठ घालण्याचा प्रयत्न केला. ते होते संगीतकलेतले थोर गवई मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, आणि ती धून होती ‘वंदे मातरम्’ची.

संचलनाचे संगीत हा विषय कोल्हापूरच्या शाहूपुरीत मांडावा असे मला मुद्दाम वाटले. शाहू महाराजांनी वसवलेल्या या व्यापारी पेठेत गणपतीच्या दिवसांत उभे राहिले की तालावर चालणे म्हणजे काय हे कोणाला शिकवावे लागत नाही. कुंभार गल्लीतून मूर्ती बाहेर पडते, पुढे हलगी कडाडते, मागून घुमक्याचा ठोका येतो, आणि ज्याने आयुष्यात कधी सा लावला नाही त्याचाही पाय नेमका ठोक्यावर पडतो. दसऱ्याला राजघराण्याच्या मानाचा सोहळा निघतो तेव्हाही बँड वाजू लागताच गर्दीतली मुले नकळत पावले टाकू लागतात. न शिकलेल्या पायांना शिस्त लावणे हे संचलन-संगीताचे पहिले काम, आणि ते फार अवघड काम आहे.

जगात हे काम करणारे मोठे रचनाकार झाले. अमेरिकेचे जॉन फिलिप सूझा हे त्यांतले सर्वांत नामांकित. त्यांचे वडील वॉशिंग्टनच्या मरीन बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत. सूझा पोरवयातच त्या बँडमध्ये उमेदवार म्हणून भरती झाले आणि १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे ते त्याच बँडचे प्रमुख होते. त्यांची ‘द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर’ ही रचना पुढे अमेरिकेचे अधिकृत राष्ट्रीय मार्च ठरली. इंग्लंडचे फ्रेडरिक जोसेफ रिकेट्स हे पलटणीचे बँडमास्तर. त्यांनी केनेथ आल्फर्ड हे टोपणनाव घेऊन १९१४ मध्ये ‘कर्नल बोगी’ रचले आणि ती धून जगभर शिट्टीवर वाजली. आपल्याकडे कॅप्टन रामसिंह ठाकुरी झाले. धरमशाळेजवळ जन्मलेले हे गुरखा जवान पलटणीच्या बँडमध्ये तयार झाले, महायुद्धात जपान्यांच्या हाती कैद झाले आणि नेताजींच्या आझाद हिंद फौजेचे संगीतकार बनले. ‘कदम कदम बढ़ाए जा’ ही त्यांची चाल आजही आपल्या सैन्यदलांचे बँड वाजवतात.

हे तिघेही गणवेशातले होते. त्यांच्या हाताखाली वादक होते, रोजची कवायत होती, धून चुकली तर दुसऱ्या दिवशी मैदानावर दुरुस्त करण्याची सोय होती. मास्टर कृष्णरावांकडे यांतले काहीच नव्हते. ते खयाल गाणारे, नाटकातली पदे रंगवणारे, तंबोऱ्यांच्या मधे बसणारे गृहस्थ. असा माणूस पितळी वाद्यांच्या आणि ढोलाच्या जगात कशासाठी शिरला, आणि तिथे त्याने काय केले, हा आजचा विषय आहे.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीला झाला. हे स्थान लक्षात ठेवण्यासारखे आहे. आळंदी हे गात गात चालणाऱ्यांचे गाव. ज्ञानोबारायांच्या पालखीला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, आणि हैबतबाबा हे शिंद्यांच्या फौजेतले सरदार होते. म्हणून त्या सोहळ्यात भक्तीला लष्करी शिस्तीची जोड मिळाली. दिंड्यांना क्रमांक आहेत, प्रत्येकीची जागा ठरलेली आहे, कर्णा वाजल्यावरच पालखी हलते. सोहळ्यातले मानाचे अश्व आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातून, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून, आजही आळंदीला जातात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर हजारोंनी एका लयीत पावली खेळावी, हे दृश्य ज्या गावातून सुरू होते त्या गावचा हा मुलगा. याचा त्याच्या पुढच्या कामाशी थेट संबंध जोडण्यास माझ्याकडे पुरावा नाही, पण लय ही आधी पायांत असते आणि मग गळ्यात येते, हे आळंदीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नसणार.

मुलगा लहानपणीच नाट्यकला प्रवर्तक मंडळीत गेला. ‘संत सखू’च्या नाटकातल्या बालभूमिकेने तो गाजला आणि ‘मास्टर’ ही उपाधी नावामागे कायमची चिकटली. मग त्याला गुरू मिळाले ते भास्करबुवा बखले. इथे कोल्हापूरकरांनी कान टवकारावेत, कारण बुवांनी ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांत आपल्या दरबारचे गानसम्राट अल्लादिया खाँसाहेब होते. १९२२ मध्ये भास्करबुवा गेले आणि ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर कृष्णरावांवर मोठी जबाबदारी आली. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ते गायले, भूमिका केल्या, चाली दिल्या. ‘कान्होपात्रा’ची पदे अजून मराठी घरांत गुणगुणली जातात, ती त्यांच्याच चालींवर.

नंतर चित्रपट आला. १९२९ मध्ये ‘प्रभात’ कंपनीचा पाया याच कोल्हापुरात घातला गेला. चार वर्षांनी कंपनी पुण्याला गेली आणि तिथे कृष्णराव तिच्या संगीताचे एक प्रमुख शिल्पकार झाले. ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘माणूस’, ‘शेजारी’ हे त्यांचे चित्रपट. यांतल्या ‘शेजारी’चा मी जरा थांबून विचार करतो. १९४१ च्या या चित्रपटात ‘लखलख चंदेरी’ हे समूहगीत आहे. दिग्दर्शक आपले व्ही. शांताराम. पडद्यावर गावकऱ्यांचा मोठा समूह एका ठेक्यावर हलतो, आणि चाल अशी की ती ऐकणारा खुर्चीत स्थिर बसू शकत नाही. ज्या गवयाची सारी तालीम एकट्याने गाण्याची, त्याला इथे अनेक गळ्यांसाठी आणि अनेक पायांसाठी रचना करावी लागली. सगळ्यांना पेलेल एवढाच स्वरांचा पल्ला, पुन्हा पुन्हा येणारा ठसठशीत मुखडा, कुठेही न अडखळणारी लय. पुढे ‘वंदे मातरम्’साठी जे कसब लागले, त्याचा सराव त्यांचा इथे झाला, असे माझे मत आहे.

आता ‘वंदे मातरम्’कडे वळू. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठा’तून १८८२ मध्ये हे गीत पुस्तकरूपाने लोकांपुढे आले आणि १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ते गायले. महाराष्ट्रात ते गवयांनी आपलेसे केले. आपल्या कुरुंदवाडचे सुपुत्र विष्णू दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत ते गात. १९२३ मध्ये काकिनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतला, तरी पलुस्करांनी गीत पुरे केले. ‘तुकाराम’ साकारणारे विष्णुपंत पागनीस ते सारंगात गात. त्याच पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांनी १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे आकाशवाणीवरून ते संपूर्ण देशाला ऐकवले. कृष्णरावांनी या गीताला झिंजोटी रागाची चाल दिली होती आणि आपल्या मैफलीत ते निष्ठेने गात असत. परकीय अमलात मुंबई रेडिओवर त्यांनी ते सुरू करताच ध्वनिक्षेपण मधेच तोडण्यात आले. तेव्हा त्यांनी रेडिओवर गाणेच सोडले. नाव आणि पैसा मिळवून देणारे एवढे मोठे माध्यम त्यांनी एका गीतासाठी वर्षानुवर्षे दूर ठेवले.

स्वातंत्र्य आले आणि प्रश्न उभा राहिला की देशाचे राष्ट्रगीत कोणते. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची धून मागण्यात आली. हाताशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती तिथल्या वाद्यवृंदाने वाजवली आणि ती अनेकांना आवडली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेत या विषयावर निवेदन केले. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा धून महत्त्वाची, कारण ती देशोदेशीच्या वाद्यवृंदांना वाजवायची असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘वंदे मातरम्’च्या चालीचे सौंदर्य आणि इतिहास मान्य करूनही, ती परदेशी वाद्यवृंदांना सोयीची नाही आणि तिच्यात पुरेशी गती नाही, असे त्यांनी सांगितले. याच निवेदनात त्यांनी असेही नोंदवले की ‘जन गण मन’ आझाद हिंद फौजेने स्वीकारले होते आणि त्यामुळे त्याला लोकप्रियता मिळाली होती. म्हणजे रामसिंहांच्या फौजी बँडने केलेले काम त्या गीताच्या पाठीशी उभे होते.

या गीताभोवती राजकीय मतभेदही होते. १९३७ मध्येच काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोन कडवीच जाहीरपणे गावीत असे ठरवले होते. तो वाद स्वतंत्र आहे आणि त्यात आज मी शिरत नाही. कृष्णरावांनी जो आक्षेप उचलला तो संगीताचा होता: ही चाल बँडवर वाजत नाही, तिच्यात गती नाही. गवयाला हा आक्षेप जिव्हारी लागण्याजोगा होता. त्यावर संतापून लेख लिहिता आले असते, सभा घेता आल्या असत्या. कृष्णरावांनी मात्र मुंबई गाठली आणि पोलीस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्या सहकार्याने ‘वंदे मातरम्’ची बँडधून बसवायला घेतली. वयाची पन्नाशी आलेला, नावारूपाला आलेला हा गवई एका इंग्रज बँडमास्तराशेजारी विद्यार्थ्यासारखा बसला.

हे काम किती कठीण होते, ते थोडे उलगडून सांगतो. आपले गाणे मींडेवर जगते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधला प्रवास हाच आपला आनंद. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट यांना एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी घ्यावी लागते. आपल्याकडे एकच स्वरधारा आणि खाली तंबोरा. बँडमध्ये एकाच वेळी निरनिराळी वाद्ये निरनिराळे स्वर वाजवतात आणि त्यांचा मेळ बसावा लागतो. आपण लय मनात धरतो आणि तिच्याशी खेळतो, क्षणभर मागे राहतो, क्षणभर पुढे जाऊन समेवर येतो. संचलनात मिनिटाला सुमारे १२० पावले पडतात, म्हणजे सेकंदाला दोन. मोठ्या ढोलाचा ठोका आणि डावा पाय यांत तसूभर अंतर चालत नाही. तिथे लयीशी खेळणारा रांग मोडतो. राष्ट्रगीत उभे राहून, सावधान स्थितीत ऐकायचे असते हे खरे, पण ते वाजवणारा बँड फौजेचा असतो आणि त्याची लय जवानाच्या पावलाचीच असते. शिवाय फुंकून वाजवणाऱ्याला श्वास लागतो. गवयाने एका दमात घेतलेली ओळ चाळीस वादकांच्या दमाला जुळेल अशी तोडावी लागते. आणि हे सगळे परदेशी वादकालाही वाचता यावे म्हणून पाश्चात्त्य पद्धतीच्या स्वरलेखनात उतरावे लागते.

इथे झिंजोटीची निवड कामी आली. झिंजोटी हा खमाज थाटाचा राग. आरोहात शुद्ध स्वर, अवरोहात कोमल निषाद. खालच्या धैवतावरून षड्जावर येऊन रिषभ, मध्यम आणि मग गंधारावर विसावणारी त्याची वळणे कानाला लगेच ओळखू येतात. ज्याची सारी मोहिनी सूक्ष्म श्रुतींत आणि आंदोलनांत आहे, असा दरबारी कानडा बँडवर चढवला तर त्याचा जीव जाईल. झिंजोटीचे स्वर पितळी वाद्यांना जसेच्या तसे सापडतात, पाश्चात्त्य स्वरमेळाला ते परके नाहीत, आणि तरीही ती चाल ऐकताच कोणी म्हणणार नाही की ही परदेशाहून आणली. मैफलीत हा राग हलकाफुलका मानतात. बँडपुढे उभे राहिल्यावर त्याचा हलकेपणाच त्याचे बळ ठरला.

या कामात कृष्णरावांना बरेच काही सोडावे लागले. ताना सोडल्या, मुरक्या सोडल्या, ठेहराव सोडला, स्वतःचा आवाजही सोडला. कारण बँडधुनेत रचनाकार कुठेच दिसत नाही. खयाल गाताना गवई दर क्षणी स्वतःला प्रकट करतो. संचलनाची धून बांधणाऱ्याला मात्र स्वतःला पूर्ण बाजूला करावे लागते, तेव्हा ती धून शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या जवानाची होते. एका बुजुर्ग कलावंताने आपण होऊन पत्करलेले हे विसर्जन मला त्यांच्या साऱ्या मैफलींहून मोठे वाटते.

पोलीस बँडने वाजवलेली ही धून ध्वनिमुद्रित झाली. कृष्णराव दिल्लीला गेले, संविधान सभेच्या सदस्यांपुढे त्यांनी आपली चाल स्वतः गाऊन दाखवली, समूहाने गाता येते हे दाखवले आणि बँडच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या. लोक त्यांना ‘वंदे मातरम् कृष्णराव’ म्हणू लागले. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत निर्णय वाचून दाखवला: ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. कृष्णरावांना हवे होते ते सर्व मिळाले नाही. पण ज्या गीताची चाल बँडवर वाजत नाही असे म्हटले जात होते, ते बँडवर वाजले होते. आक्षेपाचे संगीतापुरते उत्तर पूर्ण झाले होते.

मला या दोन्ही गीतांत भांडण लावायचे नाही. ‘जन गण मन’ची अधिकृत धून सुमारे ५२ सेकंदांची, नेटकी आणि भारदस्त आहे, आणि तिच्यासाठी उभे राहताना आपली सगळ्यांची छाती भरून येते. माझे सांगणे एवढेच की त्या तीन वर्षांत आपल्या देशात एक फार मोलाची चर्चा झाली: भारतीय रागाची चाल फौजेच्या पावलांत उतरू शकते का? हा प्रश्न रामसिंहांनी एका बाजूने सोडवला, कृष्णरावांनी दुसऱ्या बाजूने. एक जवान होता, तो संगीतकार झाला. दुसरा गवई होता, त्याने जवानाच्या पावलाची लय आपली केली. आज प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात आणि २९ जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये भारतीय सुरावटी दिमाखात वाजतात. ही वाट ज्यांनी आधी पायाखाली घातली, त्यांत या आळंदीकराचे नाव हक्काने घेतले पाहिजे.

समूहासाठी रचना करण्याची कृष्णरावांची ओढ पुढेही सुटली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला स्वर दिले. तीही एकट्याने गाण्याची रचना नव्हे. हजारो माणसांनी, ज्यांतल्या बहुतेकांना कोणी कधी गाणे शिकवले नव्हते, एका स्वरात म्हणायची ती वंदना. ‘शेजारी’तले समूहगीत, ‘वंदे मातरम्’ची बँडधून आणि बुद्धवंदना अशी सरळ रेघ ओढली तर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या विद्येचा अभ्यास दारे लावून, गुरूच्या पायाशी, मोजक्या शिष्यांत होत असे, ती विद्या हा माणूस सामान्यांच्या गळ्यात आणि पायांत नेऊन ठेवत होता. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

रसिकहो, ७ नोव्हेंबर २०२५ पासून देशाने ‘वंदे मातरम्’च्या दीडशे वर्षांचा उत्सव सुरू केला. आज बहुतेक ठिकाणी आपण हे गीत देस रागातल्या चालीवर ऐकतो, आणि ती चालही गोडच आहे. पण झिंजोटीतली चाल आपल्या शाळांतून, आपल्या बँड पथकांतून जवळजवळ ऐकूच येत नाही. कोल्हापुरात वाद्ये आहेत, वाजवणारे हात आहेत, शाळा-शाळांत कवायतीची पथके आहेत. लग्नसराईत आणि मिरवणुकीत राबणारे आपले बँडवाले एकदा ऐकलेली कोणतीही धून दुसऱ्या दिवशी वाजवू शकतात. त्यांना ही धून द्या. शिक्षकांनी मुलांकडून ती बसवून घ्यावी, पथकांनी ती सरावाला घ्यावी, आणि येत्या २६ जानेवारीला शाहूपुरीच्या रस्त्यावरून एक तरी पथक झिंजोटीतले ‘वंदे मातरम्’ वाजवत चालत जावे. ज्या गवयाने आपली विद्या सामान्यांच्या पावलांत ठेवली, त्याचे स्मारक पावलांनीच उभे राहिले पाहिजे. ते काम आपण कोल्हापूरकरांनी हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.